एकच देव, एकच पुस्तक, तरीही हद्दपारी : मॅसॅच्युसेट्सचे प्युरिटन आपसात का भांडले?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स बे या इंग्रज वसाहतीच्या १६२९ सालच्या शिक्क्यावर मधोमध एक मूळनिवासी माणूस उभा आहे. कमरेला पानं, हातात धनुष्यबाण, आणि तोंडातून निघालेल्या पट्टीवर शब्द : ‘इकडे या आणि आम्हाला मदत करा.’ हे शब्द बायबलमधले. पौल या येशूच्या प्रेषिताला रात्री दृष्टान्त होतो, त्यात मासेदोनियाचा एक माणूस त्याला असं विनवतो. शिक्का तयार झाला इंग्लंडमध्ये, आणि अमेरिकेतल्या कुणीही असं बोलावणं धाडलेलं नव्हतं. पण वसाहतीच्या सनदेतही हेच लिहिलेलं होतं, की तिथल्या लोकांना खऱ्या देवाची ओळख करून देणं हा या वसाहतीचा मुख्य हेतू.

प्रत्यक्षात या वसाहतीत मूळनिवाशांना त्यांच्या भाषेत उपदेश करण्याचं काम सुरू व्हायला १६४६ उजाडलं. तोवर या धर्मप्रसारक म्हणवणाऱ्या लोकांनी आपल्यातलीच माणसं न्यायालयात उभी केली होती, त्यांची हत्यारं काढून घेतली होती, त्यांना ऐन थंडीत घराबाहेर घालवलं होतं. ज्यांना घालवलं तीही प्युरिटनच होती. तेच बायबल, तीच प्रार्थना, इंग्लंडमधल्या त्याच बिशपांच्या जाचातून सुटून आलेली. मग भांडण कशावरून झालं?

आधी माणसं ओळखून घेऊ. सोळाव्या शतकात इंग्लंडचं चर्च रोमच्या पोपपासून वेगळं झालं, पण बिशप, झगे, ठरावीक प्रार्थना, विधी बरेचसे तसेच राहिले. हे सगळं काढून टाकून चर्च शुद्ध करा, असं म्हणणारे ते प्युरिटन. त्यांच्यातले काही म्हणाले, हे चर्च सुधारण्यापलीकडे गेलंय, आपण त्यातून बाहेर पडू. ते फुटीरवादी. १६२०ला ‘मेफ्लॉवर’ जहाजाने प्लिमथला गेलेल्या वसाहतीचा कणा हेच लोक. १६३०ला जॉन विन्थ्रॉपच्या नेतृत्वाखाली बॉस्टन परिसरात आलेला मोठा ताफा मात्र स्वतःला इंग्लंडच्या चर्चचाच भाग मानत होता. आपण लांब जाऊन नमुना घालून देऊ, तो पाहून मायदेशातलं चर्च सुधारेल, ही त्यांची आशा. पुढच्या दहा वर्षांत न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या या वसाहतींमध्ये, सुमारे २०,००० माणसं आली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो फार पसरलेला आहे. हे लोक ‘धर्मस्वातंत्र्यासाठी’ अमेरिकेत गेले असं सर्रास म्हटलं जातं. त्यांना स्वातंत्र्य हवं होतं ते योग्य रीतीने उपासना करण्याचं. चुकीच्या रीतीला मोकळीक देणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. एका गावाने पाप खपवून घेतलं तर देवाचा कोप साऱ्या वसाहतीवर होईल, असं ते मनापासून मानत. शेजाऱ्याची श्रद्धा हा त्यामुळे त्याचा खाजगी मामला राहत नव्हता.

त्यात १६३१ साली एक कायदा झाला आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या कटुतेचं मूळ त्यात आहे. वसाहतीच्या कारभारात मत देण्याचा अधिकार फक्त चर्चच्या सभासद पुरुषांना मिळाला. आणि सभासद होणं सोपं नव्हतं. नुसतं चर्चला जाणं पुरेसं नसे. १६३०च्या दशकाच्या मध्यापासून मंडळीपुढे, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांपुढे, उभं राहून सांगावं लागे, की देवाची कृपा माझ्यावर कशी झाली, माझं मन कसं पालटलं. मंडळीला पटलं तर प्रवेश. म्हणजे ‘तुझं तारण, म्हणजे पापातून सुटका, झालंय का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर प्रभुभोजनातली, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीतली, जागाही ठरे आणि मतपत्रिकाही.

हा प्रश्न इतका नाजूक का, ते समजायला त्यांची शिकवण थोडी उलगडावी लागेल. प्युरिटन हे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेतले. कुणाचं तारण होणार हे देवाने सृष्टीच्या आधीच ठरवलेलं आहे, दानधर्म, उपास, सदाचार करून माणूस ते बदलू शकत नाही, हे त्यांना मान्य. याला ते कृपेचा करार म्हणत. चांगल्या कृत्यांच्या बदल्यात तारण, हा कृत्यांचा करार, आणि तो आदामाने मोडला तेव्हाच संपला.

इथवर सगळ्यांचं एकमत. पण माणूस रात्री अंथरुणावर पडला की त्याला खायला उठणारा प्रश्न वेगळाच असतो : निवडलेल्यांत मी आहे की नाही, हे मला कळणार कसं? बहुतेक पाळकांचं उत्तर असं : तुझं जगणं बघ. पापाची शिसारी, प्रार्थनेची ओढ, शिस्तीचं आयुष्य ही कृपेची फळं आहेत. फळं दिसत असतील तर धीर धर. बॉस्टनच्या मंडळीत ‘शिक्षक’ या पदावर असलेला पाळक जॉन कॉटन मात्र सांगे, की फळांवर विसंबू नका, ढोंगी माणूसही शिस्तीने जगू शकतो. खरी खात्री पवित्र आत्माच हृदयात देतो.

वाचताना हा फरक केसाएवढा वाटतो. पण दोन्हीकडून टोकाला ताणून पाहा. पाळकांचं उत्तर ताणलं तर माणूस पुन्हा कृत्यांच्या हिशेबात अडकतो, म्हणजे ज्यातून बाहेर पडण्यासाठी एवढा खटाटोप केला तिथेच परत. कॉटनचं उत्तर ताणलं तर ज्याच्या हृदयात आत्मा बोलतो त्याला पाळक कशाला हवा, आणि न्यायाधीश तरी कशाला? विरोधकांनी या दुसऱ्या गटाला नियमशास्त्र झुगारणारे असं नाव चिकटवलं. त्या गटाने ते कधी स्वीकारलं नाही.

या फटीत पहारीसारखी उतरली अ‍ॅन हचिन्सन. १५९१ साली जन्मलेली, एका इंग्लिश पाळकाची मुलगी. तिचा बाप फ्रान्सिस मार्बरी अडाणी पाळकांच्या नेमणुकांवर टीका केल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेला. लिंकनशायरमध्ये असताना ती कॉटनची प्रवचनं ऐकायला लांबून जाई. १६३३ला कॉटन अमेरिकेला निघून गेला आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅन नवरा विल्यम आणि मुलाबाळांसह त्याच्या मागोमाग बॉस्टनला आली. बाळंतपणं करणं हे तिचं काम, त्यामुळे घराघरांत जाणं-येणं. खुद्द तिची पंधरा बाळंतपणं झालेली. वेणा देणाऱ्या बाईला मरणाचं भय असतं, तारणाचा प्रश्न तिथे पुस्तकी राहत नाही. अ‍ॅनने घरी बायकांची सभा सुरू केली, रविवारच्या प्रवचनावर बोलण्यासाठी. हळूहळू पुरुष येऊ लागले, व्यापारी येऊ लागले, साठ-ऐंशी माणसं जमू लागली. हेन्री वेन हा विशीतला तरुण १६३६ला गव्हर्नर झाला, तोही तिच्या बाजूचा. आणि तिथे बोललं जाऊ लागलं, की कॉटन आणि अ‍ॅनचा मेहुणा जॉन व्हीलराइट सोडले तर बाकीचे पाळक कृत्यांचाच करार सांगतात.

पाळकाला असं म्हणणं म्हणजे ‘तुझं स्वतःचंच तारण झालेलं नाही’ असं म्हणण्यासारखं. बॉस्टनचा पाळक जॉन विल्सन बोलायला उभा राहिला की काही जण उठून जात. १६३७ला पीकॉट या मूळनिवासी लोकांशी युद्ध पेटलं तेव्हा विल्सन सैन्याबरोबर पाळक म्हणून निघाला, आणि बॉस्टनच्या मंडळीतल्या माणसांनी त्या मोहिमेत जायला हात आखडता घेतला. त्या मे महिन्यात मिस्टिकच्या तटबंदीत बायकामुलांसह शेकडो पीकॉट जाळून आणि कापून मारले गेले. वसाहतीत खल चालला होता तो कुठला पाळक कृपेचा आणि कुठला कृत्यांचा, याचा. त्या काळच्या नोंदी वाचताना हे शेजारी शेजारी आलेलं पाहून मला फार अस्वस्थ व्हायला होतं.

मे १६३७ची निवडणूक बॉस्टनमध्ये न घेता मुद्दाम जवळच्या न्यूटाउन गावी घेतली, कारण बॉस्टन अ‍ॅनच्या बाजूचं होतं. गोंधळ इतका झाला, की पाळक विल्सन झाडावर चढला आणि तिथून लोकांना मतदान सुरू करा म्हणून सांगू लागला. विन्थ्रॉप पुन्हा गव्हर्नर झाला. लगेच नियम झाला, की अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय नवख्या माणसाला वसाहतीत तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहता येणार नाही, म्हणजे अ‍ॅनच्या विचाराची नवी माणसं येऊन मिळायला नकोत. वेन ऑगस्टमध्ये इंग्लंडला परतला. त्यानंतर पाळकांची धर्मसभा बसली आणि तिने ८२ चुकीच्या मतांची यादी केली. व्हीलराइटला राजद्रोहाबद्दल हद्दपारी झाली. राहिली अ‍ॅन.

नोव्हेंबर १६३७, न्यूटाउन. कडाक्याची थंडी, शेहेचाळीस वर्षांची बाई उभी, समोर खुद्द विन्थ्रॉप, जो फिर्यादीही तोच आणि न्यायाधीशही तोच. अखेर तिची अवस्था पाहून तिला बसू दिलं. तिने कुठलंही लेखी पत्रक काढलेलं नव्हतं, जाहीर प्रवचन दिलेलं नव्हतं, त्यामुळे आरोप पकडीत येत नव्हता. विन्थ्रॉप म्हणाला, तू आईबापाचा मान राखण्याची आज्ञा मोडलीस, कारण राज्यकर्ते हे आईबापांच्या जागी. तिने विचारलं, आईबाप देवाच्या वाटेवर असतील तरच ना? सभा का घेतेस, यावर तिने पौलाचं तीताला लिहिलेलं पत्र पुढे केलं : वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावं. विन्थ्रॉपने शेवटी सांगून टाकलं, की तुझ्यासारख्या बायकांशी वाद घालण्याचा आमचा इरादा नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मागणी केली, की माझ्याविरुद्ध बोलणाऱ्या पाळकांनी आधी शपथ घ्यावी. पाळक डगमगले, कारण ज्या संभाषणाबद्दल ते बोलत होते ते वर्षभरापूर्वी खाजगीत झालेलं, आणि शब्द नेमके आठवत नव्हते. कॉटनने तिची बाजू घेतली. खटला ढासळायला आला होता. आणि तेव्हा अ‍ॅनने आपण होऊन सांगितलं, की कुठला उपदेश खरा हे मला देवाने दाखवून दिलं. हे कसं कळलं, असं विचारताच ती म्हणाली, मुलाचा बळी दे सांगणारा देवच आहे हे अब्राहामाला कसं कळलं? थेट वाणीने ना? तशीच मलाही थेट वाणी झाली.

झालं. बायबल पुरं झाल्यावर देव नवं काही थेट सांगत नाही, हा प्युरिटन शिकवणीचा पाया होता. न्यायालयाला हवं ते तिच्याच तोंडून मिळालं होतं. पण तिच्या बाजूने पाहिलं तर ती त्यांच्याच शिकवणीची शेवटची पायरी चढली होती. खात्री आत्मा देतो असं मानायचं, आणि आत्मा बोलला असं कुणी म्हटलं की त्याला गुन्हेगार ठरवायचं, ही विसंगती वसाहतीची होती, अ‍ॅनची नव्हती. हद्दपारीच्या विरोधात फक्त दोघांनी हात वर केले, तिसऱ्याने कुठल्याच बाजूला हात केला नाही. मला कशासाठी घालवताय, असं तिने विचारलं. विन्थ्रॉपने उत्तर दिलं, की ते न्यायालयाला ठाऊक आहे आणि न्यायालयाचं समाधान झालेलं आहे.

मग तिच्या बाजूच्या ७५ जणांना हत्यारं जमा करण्याचा हुकूम झाला, त्यातले ५८ एकट्या बॉस्टनचे. हिवाळाभर ती घरापासून दूर नजरकैदेत. मार्च १६३८मध्ये मंडळीने तिला वेगळं जाब विचारलं. आक्षेप घेणाऱ्या मुलाला आणि जावयाला समज दिली गेली. या वेळी कॉटनही उलटला होता. विल्सनने तिला मंडळीबाहेर काढल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे जातपंचायत वाळीत टाकते तेव्हा रोटी, बेटी, पाणी तुटतं. तिथे तुटलं ते प्रभुभोजन आणि त्याबरोबर अवघा समाज. ती उठून चालू लागली तेव्हा एकच बाई तिच्याबरोबर उठली, मेरी डायर.

हद्दपार झालेले गेले कुठे? दक्षिणेला, नॅरागॅन्सेट उपसागराकडे. तिथे आधीच रॉजर विल्यम्स पोचला होता. त्याचं भांडण वेगळं आणि माझ्या मते जास्त खोल. तो तर्क शेवटपर्यंत नेणारा माणूस. बॉस्टनची मंडळी इंग्लंडच्या चर्चशी नातं तोडत नाही म्हणून त्याने तिचं पद नाकारलं. तो म्हणे, इंग्लंडच्या राजाला इथली जमीन देण्याचा अधिकारच नाही, ती मूळनिवाशांची आहे, त्यांच्याकडून घ्या. आणि देव कसा भजावा यावरून माणसाला शिक्षा करण्याचा अधिकार सरकारला नाही. ऑक्टोबर १६३५मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली, जानेवारी १६३६मध्ये तो बर्फातून निसटला. त्याला वाचवलं ते नॅरागॅन्सेट आणि वॉम्पनोआग लोकांनी. कॅनोनिकस आणि मियान्टोनोमी या नॅरागॅन्सेट प्रमुखांकडून जमीन मिळवून त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं आणि तिथे सरकारचा अधिकार फक्त ऐहिक बाबींपुरता ठेवला. त्याने नॅरागॅन्सेट भाषा शिकून घेतली आणि १६४३ साली तिच्यावर पुस्तक छापलं. विशेष म्हणजे त्याला त्या उपसागराकडे जाण्याचा सल्ला खाजगी पत्रातून विन्थ्रॉपनेच दिला होता. माणूस म्हणून दोघांचा स्नेह होता. वसाहतीच्या कायद्यात त्या स्नेहाला जागा नव्हती.

भांडणं तिथेही थांबली नाहीत. अ‍ॅनच्या गटाने १६३८ला वसवलेल्या पोकॅसेटमध्ये वर्षभरातच फूट पडली आणि एक गट न्यूपोर्टला गेला. पण त्या फुटीत कुणाला फटके बसले नाहीत. अ‍ॅन नवऱ्याच्या मृत्यूनंतर डच वसाहतीत गेली. तिथल्या डच गव्हर्नरने मूळनिवाशांशी युद्ध ओढवून घेतलं होतं, त्याच्या सुडात १६४३ साली ती आणि तिची बरीच मुलं मारली गेली. मॅसॅच्युसेट्समध्ये काहींनी हा देवाचा न्याय मानला.

पुढच्या पिढीत शिक्षा आणखी कडक झाल्या. १६५१ साली न्यूपोर्टहून आलेल्या ओबडाया होम्स या बाप्टिस्टाला बॉस्टनमध्ये ३० फटके मारले. लहान बाळांना बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा, देऊ नये, श्रद्धा कळण्याच्या वयात द्यावा, हा त्याचा आग्रह. दंड भरायला मित्र तयार होते, त्याने नकार दिला. नंतर कितीतरी दिवस त्याला फक्त गुडघे आणि कोपरं टेकूनच पडता येत होतं. हार्वर्डचा पहिला अध्यक्ष हेन्री डन्स्टर याने आपल्या बाळाला बाप्तिस्मा द्यायला नकार दिला, त्याला १६५४ला पद सोडावं लागलं. १६५६पासून क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक येऊ लागले. आतला प्रकाश हाच मार्गदर्शक, असं ते उघड सांगत, म्हणजे अ‍ॅनवर जो आरोप होता तीच यांची शिकवण. दंड, मग कान कापणं, मग १६५८च्या कायद्याने हद्दपारीनंतर परतल्यास फाशी. चौघांना फाशी झाली. त्यात अ‍ॅनबरोबर उठून गेलेली मेरी डायर होती, १ जून १६६०ला. आधी एकदा गळ्यात दोर घालून तिला सोडून दिलं होतं. ती मुद्दाम परत आली. १६६१मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाच्या पत्राने हे थांबलं.

धर्मप्रसाराचं काय झालं, तेही सांगतो. १६४६ला मूळनिवाशांमध्ये काम सुरू करणारा, त्यांच्या भाषेत १६६३ साली अख्खं बायबल छापणारा जॉन एलियट हा अ‍ॅनविरुद्ध शपथेवर बोललेल्या पाळकांपैकी एक. त्याची चिकाटी थक्क करणारी आहे. पण मंडळीत घेण्याआधी तारणाचा पुरावा मागण्याची इंग्लिश कसोटी त्याने मूळनिवाशांनाही लावली. नॅटिक गावच्या मूळनिवासी श्रद्धावंतांना वर्षानुवर्षं पाळकांपुढे उभं राहून साक्षी द्याव्या लागल्या, तेव्हा कुठे १६६०ला त्यांची मंडळी स्थापन झाली. आणि १६७५ला मूळनिवासी आणि वसाहतवाले यांच्यात युद्ध पेटल्यावर याच ख्रिस्ती नॅटिक लोकांना बॉस्टनच्या बंदरातल्या डीअर बेटावर नेऊन ठेवलं. तिथे उपासमारीने आणि थंडीने बरेच दगावले.

१६९१च्या नव्या सनदेने मताधिकार चर्चच्या सभासदत्वापासून तोडून मालमत्तेशी जोडला, आणि बाकीच्या प्रॉटेस्टंटांना मोकळीक मिळाली. वाद संपले नाहीत. त्यांच्या हातातलं हत्यार गेलं.

याचा मराठी मुलखाशी संबंध येतो तो १८१२ साली. फेब्रुवारीत सेलमच्या चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली. तेच सेलम, जिथून रॉजर विल्यम्सला घालवलं होतं, आणि तेच काँग्रिगेशनल चर्च, प्युरिटनांचं वारसदार. या पाचांपैकी अडोनायरम जडसन जहाजावर बाप्तिस्म्याचा अभ्यास करत बसला, कारण कलकत्त्याला बाप्टिस्ट मिशनऱ्यांशी गाठ पडणार होती. पोचेपर्यंत त्याचं मत पार डळमळलं होतं. त्याने आणि त्याच्या पत्नीने कलकत्त्यात बाप्टिस्ट पद्धतीने बाप्तिस्मा घेतला, थोड्याच दिवसांत ल्यूथर राइसनेही. ज्या मतासाठी होम्सची पाठ सोलली गेली तेच हे मत. या वेळी पाठवणाऱ्या मंडळाला धक्का बसला, संबंध तुटले, जडसन ब्रह्मदेशात गेला, आणि त्याच्यामागे अमेरिकेतल्या बाप्टिस्टांनी स्वतःचं मिशन उभं केलं. मत न बदललेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशन ते हेच, जे १८३१ला अहमदनगरला पोचलं.

या मिशनमधून उभ्या राहिलेल्या मंडळ्या पुढे इतर पंथांशी जोडल्या गेल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्या आहेत, उत्तर भारतातले बाप्टिस्ट आहेत, आणि प्युरिटन ज्यांच्या जाचातून पळाले त्या बिशपांच्या परंपरेचं अँग्लिकन चर्चही आहे. बाप्तिस्मा बाळपणी की कळत्या वयात, यावर तिथे दोन्ही पद्धती मान्य आहेत, आणि कुठली घ्यायची ते कुटुंब ठरवतं.